भावंडे : नाही

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार, फहाहील, कुवेत

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की तोंड उघडू नका, वहीत लिहा. वरचं प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर. मी म्हटलं, वही पुरायची नाही. त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

तर ही वही. रिफायनरीतल्या इन्स्पेक्शनच्या वह्यांपैकी एक कोरी उरली होती, हिरव्या पुठ्ठ्याची. सत्तावीस वर्षं मीना अल-अहमदीला पाइपांची जाडी मोजतोय, असल्या वहीत लिहायची हाताला सवय आहे.

आजच्या रागाचं कारण: मोरागबाई. जुईलीची होणारी सासू. आमची जुईली एडिंबरोला शिकायला गेली आणि कॅलम नावाचा मुलगा पसंत करून बसली. मुलगा बरा आहे. जुन्या इमारतींची लाकडं दुरुस्त करतो, म्हणजे आमच्याच धंद्यातला म्हणायचा. मी फार खळखळ केली नाही. जग बदललंय, मी काही मागासलेला माणूस नाही.

लग्न सहा जुलैला, त्यांच्या ड्रमफर्न गावात. गावात माणसं साडेतीनशे आणि चर्च पाचशे वर्षांचं. मोरागबाई तिथल्या जुन्या शाळेत गावाच्या नोंदींची खोली सांभाळतात. गावची पद्धत अशी, की गावात लग्न झालं की दोन्ही घराण्यांचे तक्ते त्या खोलीत कायमचे लावायचे. आज त्यांचा तक्ता आला. सन १६९६ पासून. आणि खाली प्रेमाने लिहिलंय, 'तुमच्याकडे इतक्या जुन्या नोंदी नसतील तर काळजी करू नका, आजी-आजोबांची नावं पुरेत.'

नसतील तर! अगो बाई, आम्ही कोतवडेकर. छापील कुलवृत्तान्त आहे आमचा, साडेसहाशे पानांचा, बाइंडिंगसकट. सोळा पिढ्या. तुमचे पूर्वज मेंढरांमागे शिट्ट्या मारत होते तेव्हा आमचे पूर्वज सनदा सांभाळत होते.

मी हे सगळं मोठ्याने म्हणालो. पद्मजा लसूण सोलत होती. म्हणाली, "अहो, वहीत लिहा."

२३ जानेवारी, मंगळवार

सोळा पिढ्या तक्त्यावर उतरवायला बसलो. पहिल्याच चौकटीत अडलो.

त्या बाईंच्या तक्त्यात प्रत्येक पिढीला दोन चौकटी. एक पुरुषाची, एक बाईची, आणि बाईच्या चौकटीत लिहायचं काय, तर जन्माचं नाव आणि माहेरचं आडनाव. कुलवृत्तान्तात काय आहे? 'पत्नी: रमाबाई'. संपलं. कुठे तर 'पत्नी: (नाव उपलब्ध नाही), तीन पुत्र'. नाव उपलब्ध नाही आणि पुत्र तीन! छापताना लाज वाटली नाही कुलवृत्तान्त मंडळाला?

रत्नागिरीला बापूला फोन केला. चुलतभाऊ, मंडळाचा माजी चिटणीस. म्हणतो, "दिनू, बायकांची माहेरची नावं कोण ठेवतो रे? लग्नात तांदळात नवं नाव लिहिलं की जुनं ताटातच राहिलं." आणि वर खो खो हसतो. मी फोन आपटला असता, पण मोबाइल आपटायचा म्हणजे आपलंच नुकसान.

माझी आई सुधा, ते सासरचं. माहेरचं काय? मला ठाऊक नाही. अठ्ठावन्न वर्षांचा घोडा झालो आणि आईचं नाव ठाऊक नाही.

पद्मजा म्हणाली, "मी विचारते एका ठिकाणी."

"कुठे?"

"इथेच खैतानला माझ्या शिवणवाल्या बाई आहेत ना, त्या तिकडच्याच, रत्नागिरीकडच्या. जुनं फार माहीत असतं त्यांना."

शिंपिणीला विचारून आमची वंशावळ भरणार. करा काय करायचं ते.

२६ जानेवारी, शुक्रवार

तक्त्यात भावंडांचीही ओळ आहे. मोरागबाईंच्या कुटुंबात प्रत्येक पिढीला आठ-आठ, दहा-दहा नावं. तान्ही गेलेली मुलंसुद्धा.

माझ्या पिढीत मी एकटा. तसं छापलेलं आहे, पान एकशे बारा. जुईलीने फोनवर विचारलं, "बाबा, रियली? नो सिब्लिंग्ज?" मी म्हटलं, छापलेलं वाचता येतं ना तुला.

ही वही कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. बहीण होती. चित्रा. माझ्याहून पाच वर्षांनी लहान. चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात शेजारच्या आळीतल्या नूरुद्दीनबरोबर निघून गेली आणि मुंबईला जाऊन लग्न केलं. बाबांनी सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. नाव निघालं नाही. बाबांनी तिला काढून टाकलं. मी काय करणार होतो? बाबांपुढे कोणाची छाती होती?

त्या दिवशी दुपारी ती माझ्या शेजारी बसून जेवली होती. आंबोशीचं लोणचं मागितलं, मी बरणी सरकवली. जाते म्हणाली नाही. संध्याकाळी मला पोस्टमनकडून कळलं. पोस्टमनकडून!

जाऊ दे. वही मिटतो.

३० जानेवारी, मंगळवार

पद्मजा दर मंगळवारी खैतानला जाते, ब्लाउज शिवायला. वर्षाला बावन्न मंगळवार, कपाटात ब्लाउज पंधरा. मी हिशेब मांडत नाही, नुसतं बोलतो.

आज येताना कागद घेऊन आली. तिच्याच अक्षरात. आई: सुधा, माहेरची वेणू, पेंडश्यांची. आजी: रमा, माहेरची ठकू, साठ्यांची. पणजी: सत्यभामा, माहेरची चिमा, लेल्यांची, उजव्या हाताला सहा बोटं, म्हणून हुंडा न घेता कोणी करीना, शेवटी आमच्या पणजोबांनी केली. खापरपणजीसुद्धा: भीमा. पुढे, 'विहिरीत पडून गेली, पडली की पडावं लागलं ते आजी सांगत नसे.'

मी थक्क झालो. सहा बोटांचं मी एकदाच ऐकलेलं, पाच-सहा वर्षांचा असताना, आजी उन्हाळ्यात ओटीवर पोह्यांचे पापड लाटत असताना. ही खैतानची बाई कोण? साठ्यांपैकी असणार. एवढी अचूक माहिती! कुलवृत्तान्त मंडळावर असल्या बाया घ्यायला हव्यात, बापूसारखे ठोंबे बसवून ठेवलेत. पद्मजाला म्हटलं, त्यांना माझा नमस्कार सांग, म्हणावं तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून घराणी टिकली.

"सांगते," म्हणाली, आणि उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. पाणी फुकट घालवू नको म्हणून मला ओरडावं लागलं.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज शुऐबा बंदराकडच्या ठेकेदाराच्या यार्डात जी काय बोंब मारली, पार गेटवर ऐकू गेली म्हणतात. प्रेशर नक्की दोनशे.

पाइपाच्या प्रत्येक वेल्डिंगच्या जोडाला नंबर असतो. नकाशावर तो नंबर, वहीत तो नंबर. आज वही तपासतोय: पंधरा, सोळा, अठरा. सतरा कुठाय? सर्फराज त्यांचा क्वालिटीचा माणूस, भिवंडीचा, केस पिकलेला, चांगला अनुभवी. म्हणतो, "सर, सतरा रिजेक्ट हो गया था. काट दिया. इसलिए लिस्ट से निकाल दिया, रिकॉर्ड क्लीन दिखता है."

क्लीन दिसतं! मी म्हटलं, "सर्फराज, जोड काटा, ठीक है. नंबर किसने काटा? कापला तरी नंबर राहतो. कापला कधी, कापायला सांगितलं कोणी, का, त्याची सही, तारीख. हे नसेल तर ती वही नाही, थाप आहे. उद्या तिथून गळती झाली तर मी कोणाला विचारू, तुझ्या क्लीन वहीला?"

वही त्याच्या टेबलावर टाकली आणि निघालो. सत्तावीस वर्षं हेच शिकवतोय. नोंदीतून गाळलेली गोष्ट कापलेल्या गोष्टीपेक्षा वाईट. गाढवांना कळत नाही.

५ मार्च, मंगळवार

लग्नासाठी कुर्त्याचं कापड घेतलं. पद्मजा ते खैतानला देऊन आली, माझं माप न नेता.

"माप न घेता शिवणार? शिंपीण आहे की ज्योतिषी?"

"खांदे तुमच्या बाबांसारखे आहेत म्हटलं. त्यांना समजलं."

बाबांना त्या बाईने कुठे पाहिलंय? पद्मजाचं हल्ली काही खरं नाही.

९ एप्रिल, मंगळवार, ड्रमफर्न

ईदची सुट्टी जोडून आलो, लग्नाआधी माणसं बघायला. एप्रिल महिना आणि हाडं गोठवणारा वारा. कुवेतहून आलेल्या माणसाला हा छळ आहे. गाव मात्र नीटस. विणकरांची बुटकी दगडी घरं, एक ओढा, चर्चभोवती थडगी.

कॅलमने थडगी दाखवली. एक गोष्ट बघितली आणि मी दोनदा चष्मा पुसला. बायकांची नावं माहेरच्या आडनावाने कोरलेली. 'मार्गारेट रीड, जॉन अमक्याची पत्नी.' चाळीस वर्षं त्याच्या घरात राहिली, बारा मुलं झाली, मेली तरी रीडच. मी विचारलं, नवऱ्यांनी हे चालवून कसं घेतलं? कॅलम म्हणाला, "दॅट वॉज हर नेम." इतकं साधं.

पद्मजा त्या दगडापाशी बरीच रेंगाळली. लग्नाआधी तिचं नाव विशाखा होतं, लग्नात मी पद्मजा ठेवलं. चांगलं नाव आहे की.

१० एप्रिल, बुधवार

सगळं घडून दोन तास झाले, तरी कानशिलं तापलेली आहेत. क्रमाने लिहितो, इन्स्पेक्शनसारखं.

सकाळी नोंदींची खोली बघायला गेलो. मोरागबाई मोठ्या हसतमुख, गुबगुबीत, हातात पांढरे मोजे. त्यांनी चर्चच्या पंचमंडळाचं जुनं पुस्तक काढलं, मऊ चामड्याचं. सन १७४३. 'जॅनेट ब्लेअर, विणकराची मुलगी. लग्नाआधी मूल. तीन रविवार सगळ्या गावासमोर स्टुलावर उभी राहिली. मुलाच्या बापाचं नाव सांगितलं नाही.' खाली पाच जणांच्या सह्या.

"ही कॅलमची सातव्या पिढीची आजी," बाई अभिमानाने म्हणाल्या. भिंतीवरच्या तक्त्यात ती होती, ठसठशीत अक्षरात.

मी म्हटलं, "असलं तुम्ही भिंतीवर लावता? लोकांना दाखवता?"

"तिच्यावर अन्याय झाला," बाई म्हणाल्या. "पण ज्यांनी केला त्यांनी निदान लिहून ठेवला, स्वतःच्या सह्यांनिशी. म्हणून आम्हाला ती सापडली. न लिहिलेल्या किती असतील, त्यांचं काय करायचं?"

मग माझा तक्ता टेबलावर पसरला. सोळा पिढ्या. मोरागबाई खरोखर चकित झाल्या. वेणू, ठकू, चिमा, सहा बोटं, सगळं मी वाचून दाखवलं. माझी छाती फुगली होती, खोटं कशाला सांगू. मग त्यांचं बोट खाली आलं माझ्या ओळीवर आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही एकटेच?"

मी म्हटलं, "हो."

पद्मजा म्हणाली, "नाही."

इंग्रजीत म्हणाली, सगळ्यांना कळेल असं. "ही हॅज अ सिस्टर. चित्रा." चौतीस वर्षांच्या संसारात चारचौघांत माझं बोलणं खोडलं नव्हतं तिने. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जुईलीकडे बघितलं, तर ती तक्त्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं. म्हणजे घरात मी एकटाच गाढव.

मी उठून बाहेर पडलो. टोपी आतच राहिली.

पद्मजा मागून आली. थडग्यांमध्ये उभं राहून आम्ही मराठीत भांडलो. मेलेल्यांना कळत नाही तेवढं बरं. मी म्हटलं, परक्यांसमोर माझ्या बापाची अब्रू काढलीस.

"तुमच्या बाबांची कशी? फॉर्म तुम्ही भरलात."

"बाबांनी सांगितलं होतं..."

"बाबा दोन हजार एकला गेले. मंडळाचा फॉर्म दोन हजार तीनला कुवेतला आला. फहाहीलच्या टेबलावर तुम्ही बसलात आणि 'भावंडे' या रकान्यात 'नाही' लिहिलंत. मी चहा घेऊन आले तेव्हा शाई ओली होती. पाकिटाला तिकीट मी चिकटवलं. तेवढं माझंही पाप आहे."

मी टोपी आणायला वळलो. मग ती म्हणाली, "आणि ती नावं कुठून आली, विचारलंत? वेणू, ठकू, चिमा? एकोणीस वर्षं चित्रा खैतानला राहते. शिवणकाम करते. तुमच्या आजीजवळ ती झोपायची ना, तिच्याच तोंडून तिला मिळालेलं सगळं. दर मंगळवारी मी तिच्याकडे जाते."

म्हणजे जिला वंशावळीतून काढलं तिच्याकडून वंशावळ भरून घेतली मी. आणि नमस्कार धाडला.

"एकोणीस वर्षं खोटं बोललीस," मी ओरडलो.

"ब्लाउजच शिवायला जात होते," ती म्हणाली. आणि मग, जाता जाता, "गोरा जावई चालतो. गल्लीतला नूरुद्दीन चालला नाही. आणि म्हणे मी मागासलेला नाही."

११ एप्रिल, गुरुवार

जुईली ओढ्याकाठी भेटली. तिच्या मराठीला इंग्रजीचे खिळे मारलेले असतात, पण आज अख्खी मराठीत बोलली. म्हणाली, "बाबा, पंधरा मेपर्यंत तक्ता पाठवायचा आहे, मग तो शाईने लिहून भिंतीवर लागेल. आत्या त्यावर नसेल तर माझंही नाव नको. माझ्या बाजूची भिंत रिकामी राहू दे. मोरागना मी सांगेन का ते."

"धमकी देतेस?"

"हो."

माझ्यावर गेली आहे. पण त्याने राग कमी होत नाही.

१६ एप्रिल, मंगळवार, फहाहील

पद्मजा खैतानला गेली. आता चोरून नाही, दारात उभं राहून सांगून. "चित्राकडे जाते. भात कुकरमध्ये आहे."

मी जेवलो नाही. मग जेवलो.

१९ एप्रिल, शुक्रवार

दिवसभर मनाशी भांडतोय. ती तरी कुठे आली? एकोणीस वर्षं अर्ध्या तासाच्या अंतरावर! मी राखीला एकटा, भाऊबीजेला एकटा, आणि ही तिकडे मशीन चालवतेय. फोन केला असता तर मी खाल्लं असतं का तिला? आई गेली तेव्हाही आली नाही.

हे वाक्य पद्मजाला ऐकवलं. ती म्हणाली, "आली होती. स्मशानाच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून होती. तुम्ही बघितलंत आणि तोंड फिरवलंत."

रिक्षा मला आठवते. आत कोण होतं ते बघितलं नव्हतं, असं इतकी वर्षं समजत होतो. वहीत खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो: बघितलं होतं.

२८ एप्रिल, रविवार

सर्फराज दुरुस्त वही घेऊन आला. इतका नीट कागद मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. '१७: कापला. तारीख. कारण. कापण्याचा आदेश कोणाचा. सही.' त्याखाली '१७ अ: नवा जोड. तपासला. पास.'

"अब ठीक है सर? आपने बोला वैसा ही किया."

मी पेन काढलं आणि सही करायला मला वेळ लागला. तो बिचारा घाबरला, अजून काही चुकलंय असं त्याला वाटलं. मी म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. त्याला खरं वाटेना. माझ्या तोंडून हे वाक्य त्याने पहिल्यांदाच ऐकलं असावं.

३ मे, शुक्रवार

गेलो.

पद्मजाला पत्ता मागितला. तिने लिहून दिला आणि म्हणाली, "मी येत नाही. तुमचं तुम्ही बघा." जुना भरलेला तक्ता घेतला आणि एक कोरा. खैतानात गाडी लावायला जागा मिळेपर्यंत तीन जणांशी भांडलो, त्यामुळे जरा धीर आला. लिफ्ट बंद. चौथा मजला. दार नूरुद्दीनने उघडलं. गुडघ्याला पट्टा, दाढी पांढरी. मी काहीतरी ठरवून गेलो होतो बोलायचं, पण तो म्हणाला, "दिनू, ये रे. जिन्याने दमला असशील," जसं काही मी कालच विटीदांडू अर्धा टाकून गेलो होतो.

चित्रा मशीनवर होती. उठली नाही. वर बघून म्हणाली, "शिवण अर्धी आहे. बस."

बसलो. ती मशीन मारत राहिली. केस सगळे पांढरे. आई बसायची तशी बसते, एक खांदा वर. भिंतीला खुंटीवर माझा कुर्ता होता, बटणं लावायची बाकी. मी त्याच्याकडे बघत राहिलो, तिच्याकडे बघण्यापेक्षा सोपं होतं.

शिवण संपली. तिने दोरा दातांनी तोडला. "बोल."

मी काय बोललो असेन? म्हटलं, "त्या दिवशी लोणचं मागितलंस आणि सांगितलं नाहीस. मला पोस्टमनकडून कळलं."

"सांगितलं असतं तर तू बाबांना सांगितलं असतंस."

मी विचार केला. "हो," म्हटलं.

"मग?"

"तरी सांगायचंस."

"अरे वा! तीस वर्षांनी येऊन वर मलाच झापतोस?" ती उठली. आवाज थेट माझा, नुसता चढत जाणारा. "तू रिक्षा बघितलीस आणि मान फिरवलीस. माझ्या आईला मी फाटकातून धूर बघून निरोप दिला. आणि तुला लोणचं आठवतं?"

नूरुद्दीन आतून म्हणाला, "चित्रा, प्रेशर." त्यावर ती म्हणाली, "माझं काढू नका, त्याचं बघा, लाल झालाय." दोघांनाही प्रेशर. घराण्याची नोंद आहे ही.

मग तिने फळीवरून एक पुस्तक काढलं, खाकी कागदाचं कव्हर घातलेलं. कोतवडेकर कुलवृत्तान्त. "मंडळाकडून मागवला, वहिनीच्या नावाने. वाच." पान एकशे बारा आपोआप उघडलं, इतक्यांदा उघडलेलं होतं.

मी वाचलं. मोठ्याने वाचायला लावलं तिने. "दीनानाथ यशवंत. जन्म रत्नागिरी. अभियंता, कुवेत. भावंडे: नाही."

"बाबांनी..." मी सुरुवात केली. तोंडाची सवय. मग थांबलो. म्हटलं, "मी लिहिलं. बाबा नव्हते. कोणी सांगितलं नव्हतं. मला राग आला होता."

"नऊ वर्षांनी?"

"माझा राग टिकतो."

ती हसली नाही. पण बसली.

मी तक्ता पसरला. म्हटलं, "कोरा आणलाय. नव्याने लिहितो. दीनानाथ, चित्रा. तुझ्या पुढे नूरुद्दीन, खाली तुमची मुलगी अदिबा. एकदम स्वच्छ. त्या गावात कोणाला काही कळणार नाही."

इथे ती भडकली ती खरी. आधीचं काहीच नव्हतं. टेबलावर अशी थाप मारली की टाचण्यांची डबी सांडली. "कळणार नाही? आधी मला पुसलंस, आता पुसलंस तेही पुसणार? मी काय मधली तीस वर्षं तुमच्या घरातच होते, असं दाखवणार आहेस? मला नको असली जागा. जुना तक्ता राहू दे तसाच. वगळलंस ते लिही."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. शुऐबाच्या यार्डात मी सर्फराजवर हेच ओरडलो होतो, जवळजवळ याच शब्दांत. मला हे कोणी सांगायची वेळ यायला नको होती.

पेन काढलं. जुना तक्ता उलगडला, नूरुद्दीनने कागदाचा कोपरा धरला. मी चित्राची चौकट आखली, माझ्या शेजारी, माझ्याएवढीच. तिच्याखाली वहीत लिहितो तसं लिहिलं: 'चित्रा यशवंत कोतवडेकर. हयात. सन २००३ मध्ये कुलवृत्तान्तातून वगळली. कारण: भावाचा राग. वगळणारा: दीनानाथ.' आणि सही केली.

"लग्नाला येशील?" मी विचारलं.

"आधी हे भिंतीवर लागू दे," ती म्हणाली. "मग बघू." तिने चष्मा चढवला, तक्ता स्वतःकडे ओढला आणि वरपासून वाचायला लागली. भीमा, चिमा, ठकू, वेणू, प्रत्येकीवर बोट ठेवत. माझ्या सहीपर्यंत आली आणि थांबली.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

मी घातली.